पुढच्या वेळी नक्की

"कांग, सोमवारपासून सहा किलोमीटर वाचणार," तुकिजान मागून ओरडला. "सहा जाताना, सहा येताना. एवढ्या वेळाचं काय करणार, सांगा बघू."

"झोपेन," मुजिरान कांग म्हणाले आणि पेडल मारत राहिले.

"बारा किलोमीटरची झोप? मग उठवायला कुणीतरी आणावं लागेल घरात."

हसू पुढून मागे सरकत गेलं. नऊ सायकलींची रांग ती. शेवटच्या सायकलीपर्यंत पोचेस्तोवर विनोद विरून जायचा, नुसतं हसू पोचायचं. शेवटचा माणूसही हसायचा. पहाटेच्या गार हवेत हसायला कारण लागत नाही.

आम्ही सगळे समुद्राकडच्या गावचे. कुणी गवंडी, कुणी रंगारी, तुकिजान सुतार, मी फरशीवाला. काम जोग्जा शहरात. घरापासून तेवीस किलोमीटर जायचे, तेवीस यायचे. सकाळी रस्ता डोळ्यांना सपाट दिसतो, पण मांड्यांना चढ कळतो. समोर मेरापीचा डोंगर निळा होत जातो आणि पाठीमागचा समुद्राचा आवाज एकेका गावाला कमी होत संपतो. संध्याकाळी मात्र तोच रस्ता आपण होऊन घरी आणून सोडतो.

मुजिरान कांग वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचेच कांग, थोरले भाऊ. अठ्ठावन्न वर्षांचे. सायकल काळी, उंच दांड्याची, सासऱ्यांनी दिलेली. कॅरिअरला वेताची पिशवी, तिच्यात थापी, दोरी, पाटी. भिंतीचा कल बघायचा पितळी ओळंबा मात्र ते पिशवीत ठेवत नसत. तो सायकलच्या दांड्याला टांगलेला असे आणि खड्डा आला की टुणटुण करत डोलत असे. घंटी मोडून सात वर्षं झाली होती. दुसरी घेतली नाही. ओळंबा वाजतोच की, म्हणायचे.

त्या सोमवारी नदीवरचा नवा पूल सुरू होणार होता. आमच्या गावाबाहेरच्या फाट्यावरून सरळ पुलावर जायचं, पलीकडे शहराचा रस्ता. जुनी वाट उसाच्या मळ्यांतून, विटांच्या भट्ट्यांवरून, लोखंडी पुलाकडे वळसा घालून जायची. ती आता सुटणार होती. सगळ्यांना आनंद झाला होता. माझ्या गुडघ्यांना तर फारच.

फक्त कांग त्यात नव्हते.

त्याआधीच्या शुक्रवारी माझं चाक बसलं. बाकीचे पुढे गेले, कांग थांबले. मी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होतो. ते उकिडवे बसून रस्त्याकडे बघत होते.

"सरबिनी," ते म्हणाले, "सोमवारपासून ते चिक्कूचं झाड लागणार नाही वाटेत."

"नाहीच लागणार. ते नदीच्या या बाजूला राहिलं."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "दिवसभरात मला 'या' म्हणणारं तेवढं एकच घर आहे."

मी बुडबुडा सापडल्यासारखं केलं. सापडला नव्हता.

त्यांची बायको जाऊन पंधरा वर्षं झाली. मुलगी बाताम बेटावर कारखान्यात, वर्षातून एकदा ईदला येते. बाकी घरी कोंबड्या आणि पिंजऱ्यातला एक कवडा. आणि ते चिक्कूचं झाड म्हणजे नवव्या किलोमीटरवरचं एक अंगण. तिथे एक बाई रोज पहाटे नारळाच्या हिरांच्या खराट्याने पानं झाडत असायची. आम्ही गेलो की मान वर करून म्हणायची, "या ना, बसा जरा." सगळ्यांच्या वतीने कांग उत्तर द्यायचे, "हो हो, पुढच्या वेळी नक्की." एकोणीस वर्षं. सणवार सोडले तर एक दिवस चुकला नाही.

आता आमच्या मुलखात दारावरून जाणाऱ्याला 'या' म्हणतातच. न म्हणणारा उद्धट. आणि जाणाऱ्याने 'पुढच्या वेळी' म्हणायचं असतं. खरंच आत शिरणारा त्याहून उद्धट. लहानपणी आमच्या गावात एकजण असा खरंच जेवायला बसला होता, तर तो मेला तरी लोक त्याला त्याच गोष्टीने ओळखतात. हे आईच्या दुधाबरोबर कळतं, शिकवावं लागत नाही.

शनिवारी, जुन्या वाटेच्या शेवटच्या सकाळी, तुकिजान रंगात होता. आमच्याकडे सायकलवर दोन ओळींची गाणी रचत जायची रीत आहे. एकाने टाकायची, दुसऱ्याने उचलायची, चढ संपतो कधी कळत नाही. झाड दिसायला लागताच त्याने सूर लावला:

"चिक्कूच्या झाडाखाली पानांचा सडा,
तिथेच का अडतो कांगचा घोडा?"

मागचे सगळे "अडतो, अडतो" करून ओरडले. कांगची पाठ ताठ झाली. अंगण जवळ आलं. उजाडत होतं. बाई वाकून झाडत होती, खराट्याच्या रेघा ओल्या मातीवर उमटत होत्या. तिने मान वर केली.

"या ना, बसा जरा."

आम्ही उत्तराची वाट बघत पेडल मारत होतो. उत्तर आलं नाही. ओळंबा एकदा वाजला आणि थांबला. कांगनी ब्रेक लावला होता. तुकिजान त्यांच्यावर, मी तुकिजानवर, असे नऊच्या नऊ एकमेकांवर चढून उभे राहिलो.

"काय झालं?" बाई म्हणाली. "पंक्चर?"

"नाही," कांग म्हणाले. "तुम्ही 'या' म्हणालात."

बाईने खराट्याकडे पाहिलं. मग आमच्या रांगेकडे. कुठे पळावं हे मला कळत नव्हतं. तुकिजान माझ्या कानात कुजबुजला, "मेलो. हे आता आपल्या नातवंडांपर्यंत जाणार."

"मी तर रोजच म्हणते," बाई म्हणाली.

"हो," कांग म्हणाले. "म्हणूनच."

पुढचा क्षण फार लांबला. कांगच्या मानेवर घाम आला होता, आणि चढ तर केव्हाच संपला होता. त्यांचा एक पाय अजून पेडलवरच होता. ती नुसती हसली असती तरी ते निघून गेले असते, आणि मग उरलेलं आयुष्य त्या वाटेला फिरकले नसते.

बाईने खराटा झाडाला टेकवला.

"एकोणीस वर्षं बोलावतेय," ती म्हणाली, "आणि आलात ते नेमकं साखर संपली त्या दिवशी."

मग कुंपणाकडे तोंड करून तिने हाक मारली, "अगं तिनाह, साखर दे. आले ते."

"कोण आले?" पलीकडून आवाज.

"ते गं. पुढच्या वेळीवाले."

एवढ्यावर गल्ली जागी झाली. साखरेबरोबर तिनाह आली, तिनाहबरोबर तिची सासू, सासूबरोबर कडेवरचं मूल. कुणी ग्लास आणले, कुणी उकडलेला कसावा, कुणी नुसतेच डोळे आणले. आम्ही ओट्यावर दाटीवाटीने बसलो. मोगऱ्याचा घट्ट काळा चहा, त्यात खडीसाखर. ग्लास पाचच मिळाले. मला वाटीत मिळाला, तुकिजानला तांदूळ मोजायच्या डब्यात.

"यू," तुकिजान म्हणाला. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं यू. "हा डबा मोठा आहे. रोज येत जाऊ का?"

"सोमवारपासून कसले येताय. पूल झालाय म्हणे तुमचा," ती म्हणाली. तिने ते तुकिजानला सांगितलं, पण बघत चहाच्या किटलीकडे होती.

कांग ग्लास दोन्ही हातांत धरून बसले होते.

"नाव काय तुमचं?" तिने विचारलं. "मी आपली मनात ओळंबेवाले म्हणते. आधी टुणटुण ऐकू येते, मग तुम्ही दिसता."

"मुजिरान."

"मी सुमिलाह."

एकोणीस वर्षांनी दोन नावं त्या ओट्यावर आली आणि नवीन पाहुण्यांसारखी जरा अवघडून बसली. यू सुमिलाहचा नवरा बैलगाडी हाकायचा, तो गेल्यावर ती शेंगदाण्याच्या कुरकुरीत चकत्या तळून बाजारात देते, हे तिनाहच्या सासूने न विचारता सांगितलं. मुजिरान कांग विधुर आहेत, हे तुकिजानने न विचारता सांगितलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"मी खरं म्हणजे," कांग घाईने म्हणाले, "त्या भिंतीसाठी थांबलो."

आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. अंगणाच्या पुढे कमरेएवढी विटांची भिंत होती, कडेला फाटकाचा खांब.

"काय झालंय भिंतीला?" यू सुमिलाहने विचारलं.

"कलली आहे. एकोणीस वर्षं बघतोय. रोज जाताना टोचते." ते उठले, दांड्याचा ओळंबा सोडला आणि खांबाला दोरी लावली. पितळ हळूहळू डोलत स्थिर झालं. "बघा. वर दोन बोटं अंतर, खाली काहीच नाही. एक दिवस रस्त्यावर पडेल. जाणाऱ्याच्या अंगावर."

"जाणारे तर आता पुलावरून जाणार," ती म्हणाली.

"सगळे नाही," कांग म्हणाले.

कुणी हसलं नाही. तुकिजानसुद्धा.

त्या दिवशी आम्ही कामावर पाऊण तास उशिरा पोचलो. मुकादमाने कारण विचारलं. तुकिजान म्हणाला, "पाहुणचार." मुकादमाने त्याला दिवसभर लाकडं वाहायला लावली आणि तो दिवसभर गात होता.

रविवारी कांग एकटेच गेले आणि भिंत पाडून आले. विटा साफ करून झाडाखाली रचल्या. सोमवारी आम्ही नऊजण फाट्यावर पोचलो. पुलाला पताका लावल्या होत्या, डांबर नवंकोरं, चाकं आपोआप पळत होती. आठ सायकली सरळ गेल्या. एक वळली.

तुकिजान वळून ओरडला:

"नदीच्या पाण्यात पूल वाकून बघतो,
सरळ वाट सोडून कोण वळसा घालतो?"

उसाच्या पलीकडून टुणटुण आली, आणि तिच्यामागून कांगचा आवाज. एकोणीस वर्षांत त्यांनी कधी ओळ टाकली नव्हती.

"तुमचा पूल सरळ, वाट माझी वाकडी,
विटेवर वीट ठेवतो, घाई नाही तेवढी."

आम्ही पुलाच्या मधोमध थांबलो. "हा माणूस," तुकिजान म्हणाला, "इतकी वर्षं लबाडी करत होता. माझ्यापेक्षा बरी जुळवतो."

त्यानंतर कांग आमच्या आधी अर्धा तास घर सोडू लागले. कामावर मात्र आमच्याबरोबर पोचत. नखांत ओलं सिमेंट असायचं, दिवस सुरू व्हायच्या आधीच. विचारलं की म्हणायचे, "चालू आहे काम." रोज्यांच्या महिन्यात पहाटेचा चहा नव्हता, तरी नखांत सिमेंट होतं. कामावर तीनशे विटा लावणारा माणूस. ती भिंत एका सकाळची, फार तर अर्ध्या दिवसाची. तीन महिने झाले.

शेवटी मला राहवेना. एका पहाटे मी त्यांच्याबरोबर निघालो. गुडघ्यांना सांगितलं, एकच दिवस.

जुन्या वाटेवर ऊस कापला गेला होता आणि डोंगर पायथ्यापासून दिसत होता. वाटेत आम्ही दोघंच. कांग शीळ घालत होते. झाड आलं. यू सुमिलाह झाडत होती. टुणटुण ऐकून तिने मान वर केली.

"या ना, बसा जरा."

"हो हो, पुढच्या वेळी नक्की," कांग म्हणाले आणि सायकलवरून उतरले. सायकल झाडाला टेकवली. ती खाली बघून झाडत राहिली, जसं एकोणीस वर्षं झाडत आली होती.

नव्या भिंतीवर एक ग्लास होता, वर पत्र्याचं झाकण. कांगनी दोन घोट घेतले. करवंटीत मूठभर वाळू, चिमूटभर सिमेंट, विहिरीचं पाणी. थापीच्या टोकाने कालवलं. रचलेल्या विटांतून एक निवडली, दुसरी निवडली, पहिलीच परत घेतली. ती बसवली, थापीच्या मुठीने दोनदा ठोकली, ओळंबा सोडला आणि दोरी स्थिर होईपर्यंत उभे राहिले. झालं. त्या दिवसाचं काम संपलं. उरलेला चहा पिऊन ते ग्लास विसळायला गेले.

मी फरशीवाला. मोजायची सवय. वरच्या थरात जागा मोजली.

"कांग," मी म्हणालो, "अकराच विटा राहिल्या. अकरा दिवसांत संपलं."

कांग ग्लास हातात घेऊन परत आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग घराकडे.

"ती मागची, चुलीकडची भिंत पाहिलीस?" ते हळूच म्हणाले. "ओळंब्यात नाही."

"विहिरीचा कठडाही नाही," यू सुमिलाह पाठमोरी म्हणाली आणि पानं गोळा करत राहिली.

कांगनी ग्लास भिंतीवर पालथा घातला. ओळंबा अजून त्या दिवसाच्या विटेवरून खाली सोडलेला होता. वारा नव्हता. पितळ अगदी सरळ, हलत नव्हतं.