चकचकीत कागदावरची अंगठी

झेंबाबाई जिना चढून आल्या तेव्हा हिल्डा पुढच्या महिन्याच्या चित्रातले गुडघे रंगवत होती. शिकागोच्या एका मासिकात तिनं काढलेली एक हसरी, तोकड्या कपड्यांतली मुलगी दर महिन्याला छापून यायची आणि युद्धाच्या आघाडीवरची पोरं ते पान फाडून जवळ ठेवायची. तसलंच एक पान झेंबाबाईंनी पाकिटातून काढलं. पाकीट त्यांच्या मुलाचं, ताडेकचं. इटलीहून तेवढंच परत आलं होतं.

"मासिकवाल्यांनी तुमचा पत्ता दिला. ही पोरगी राहते कुठं?"

"का हो?"

"ताडेकचं हिच्याशी ठरलं होतं. त्याच्या मित्रानं सांगितलं. सूनमुख असं पोहायच्या कपड्यांत बघायला लागेल असं वाटलं नव्हतं, बाई. पण सून ती सून." त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत अंगठी होती. "माझ्या सासूची. हिला द्यायचीय. त्याची आठवण काढणारं आणखी कुणीतरी असेल."

हिल्डाला खोटं बोलता आलं असतं.

"अशी मुलगीच नाहीये," ती म्हणाली. "चेहरा एकीचा, पाय दुसरीचे. हात माझे, आरशात बघून काढलेले. सगळीच पोरं सांगतात, ही माझी म्हणून."

झेंबाबाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. पन्नाशीचे हात, नखांत रंग. त्यांनी नजर पुन्हा पानाकडे वळवली.

"मग चित्रातच घाला अंगठी."

मासिकाच्या चकचकीत कागदावर पाण्यातला रंग धरत नाही, थेंब होऊन घरंगळतो. हिल्डानं ब्रश साबणावर फिरवला तेव्हा पिवळा कसाबसा बसला. चमकेसाठी वर पांढरा ठिपका दिला. रंग वाळेपर्यंत हिल्डा पानावर फुंकर घालत राहिली.

"शोभतेय," झेंबाबाई म्हणाल्या.

"आता घडी नका घालू. काचेखाली ठेवा."

"काचेखाली? त्याचा बाप हिला भिंतीवर लावू देईल होय?"

त्यांनी पान जुन्या घड्यांवरच दुमडलं. एक घडी नेमकी त्या हातावरून जात होती. पाकिटात सरकवताना पिवळी पूड त्यांच्या काळ्या स्कर्टवर सांडली.

"पुन्हा काढा ना."

हिल्डानं पान उलगडलं. ओलीनं सुटलेली छपाईही रंगाबरोबर निघून आली होती. बोटाच्या जागी नुसता कोरा कागद होता.

झेंबाबाईंनी तो पाहिला आणि अंगठी रुमालात परत बांधली.