उंबरापासून दोनशे मीटर

"पत्ता सांगायचा तो उंबरापासूनच सांगायचा. बेकऱ्या काय, आज आहेत, उद्या नाहीत."

सासूबाईंचं हे सांगणं मिग्दालियाच्या कानात अजून होतं. सासूबाई जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि उंबर तर त्याच्या कितीतरी आधी, रस्ता रुंद केला तेव्हाच गेला होता. तरी गॅसची टाकी असो की डॉक्टर, 'जुन्या उंबरापासून दोनशे मीटर दक्षिणेला' म्हटलं की बिनचूक दारात येत.

निकाराग्वाची मिग्दालिया कोस्टा रिकाच्या ओल्मानशी लग्न करून इथे आली, त्याला चौथं वर्ष लागलं होतं. आजवर ती मुदतीच्या परवान्यावर राहत होती. आता नागरिकाची बायको म्हणून कायमच्या वास्तव्याचा अर्ज करायचा होता. तो मंजूर झाला की जिवाची धाकधूक संपली. नामंजूर झाला तर नवऱ्याला इथे ठेवून सीमेपलीकडे परत.

अर्जात दोघांनी आपापला जबाब शपथेवर लिहायचा होता. ओल्मानने हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता उंबराचा पत्ता लिहून टाकला. मिग्दालिया मात्र रोज पहाटे मारियामातेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून जपमाळ पुरी केल्याखेरीज कॉफीचा घोट न घेणारी. 'ईश्वरसाक्ष' हा शब्द वाचला आणि तिचा हात थांबला. तो उंबर तिने कधी पाहिलाच नव्हता. न पाहिलेल्या झाडाची शपथ कशी घ्यायची? तिने लिहिलं, 'बेकरीपासून शंभर मीटर पूर्वेला, निळं फाटक.'

तीन आठवड्यांनी कचेरीचं पत्र आलं. पती-पत्नीचे पत्ते वेगवेगळे आहेत, एका छपराखाली राहत असल्याचं दिसत नाही, चौकशीला माणूस येईल.

"अगं, मला विचारायचंस तरी," ओल्मान म्हणाला.

"विचारलं असतं तर तू उंबर म्हणाला असतास."

"सगळे उंबरच म्हणतात."

"मी पाहिलेला नाही तो."

"देव तरी कुठे पाहिलायस?"

मग त्यानेच कॉफी गाळली आणि कप तिच्यापुढे सरकवला.

गुरुवारी सकाळी चौकशीला आली ती किरोस नावाची तरुण बाई, काखेत फाईल घेऊन. तिने न्हाणीघरातले दोन ब्रश पाहिले, दाराशी पडलेले ओल्मानचे चिखलाचे बूट पाहिले.

"घर तर एकच दिसतंय," ती म्हणाली. "पण फायलीत दोन आहेत. माझ्या आईचा पत्तासुद्धा पडलेल्या सिनेमा थिएटरपासून आहे, मला कळतं हो. पण कागदाला कळत नाही. दोन्ही पत्ते एकाच घराचे आहेत असं गल्लीतलं एखादं जुनं माणूस शपथेवर सांगेल का? नातेवाईक नको."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. गल्लीत सगळ्यात जुनी म्हणजे समोरची फिदेलिनाबाई, वय एक्क्याऐंशी. मिग्दालिया नवी नवरी म्हणून आली तेव्हा हीच बाई फाटकावरून, तिला ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "कागदासाठी आलीय. मिळाला की बघा." त्यानंतर सकाळच्या नमस्कारापलीकडे दोघींत शब्द नव्हता.

मिग्दालिया स्वतःच रस्ता ओलांडून गेली.

"फिदेलिनाबाई, माझ्याबद्दल चांगलं बोला म्हणत नाही. उंबर कुठे होता तेवढं सांगा."

"तुझ्याबद्दल कशाला बोलू?" म्हातारीने शाल ओढली. "झाडाबद्दल बोलेन. ते माझ्या ओळखीचं होतं."

उंबराच्या जागी आता बसथांबा होता. तिथून सगळी मंडळी निघाली. निळ्या फाटकाशी पोचल्यावर किरोसने मोबाइलवर अंतर पाहिलं.

"तीनशे बारा मीटर झाले. इथे दोनशे लिहिलंय."

"बाळ," म्हातारी म्हणाली, "आमच्या हिशेबात शंभर मीटर म्हणजे एक गल्ली. दोन गल्ल्या, दोनशे मीटर. गल्ली लांब निघाली त्याला आम्ही काय करणार?"

किरोस हसली. मग बेकरीपासून मोजायचं ठरलं. परत येताना म्हातारीचा गुडघा अडला. मिग्दालियाने हात पुढे केला, म्हातारीने तिच्याकडे न बघताच तो धरला. वाट संपली ती त्याच फाटकाशी.

"आणि दोघं इथेच राहतात?" किरोसने म्हातारीला विचारलं.

"राहतात. ही रोज पहाटे मोठ्याने जप करते, त्याने माझी झोप मोडते. चौथं वर्ष आहे हे. नुसत्या कागदासाठी आलेली बाई एवढ्या पहाटे कशाला उठेल?"

सही करण्याआधी म्हातारीने डोळे मिटले आणि शपथेला लागतो त्याहून बराच जास्त वेळ ओठ हलवले.

दीड महिन्याने मंजुरी आली. मिग्दालिया दालचिनी घातलेली तांदळाची खीर घेऊन समोर गेली. म्हातारीने दोन चमचे खाल्ले आणि वाटी खाली ठेवली.

"त्या दिवशी सही करताना मी नवस बोलून बसले गं. कार्तागोच्या देवळातल्या काळ्या मारियामातेला म्हटलं, कचेरीला माझा शब्द खरा धरू दे, तुझ्याकडे पायी येईन. वीस किलोमीटर आहे. गुडघा दारापर्यंत नेत नाही."

"माझ्यासाठी बोललात?"

"शेजारासाठी. तुझ्या जागी कोण येईल याचा काय भरवसा? तू निदान जप तरी करतेस."

"मी जाते तुमच्या वतीने."

"नवस माझा, आणि चालणार तू? मातेला चालेल?"

मिग्दालियाने थोडा विचार केला. "तुमची माळ द्या मला. माळ तुमची, पाय माझे. ती समजून घेईल."

शनिवारी जप आटोपून, कॉफी न घेताच तिने कापडी बूट चढवले. अर्ध्या वाटेपर्यंत गाडीने सोडतो असं ओल्मान रात्री म्हणाला होता. तिने नको म्हटलं होतं. समोरच्या खिडकीचा पडदा जरासा बाजूला झाला. मिग्दालियाने फाटक आवाज न करता लावलं, लाकडी माळेचा पहिला मणी बोटात धरला आणि ती कार्तागोच्या रस्त्याला लागली.