नळीमहाराजांनी ओढलेल्या गाठी

चौक गावातल्या बंद गॅरेजात मुंगीला शिरायला जागा नव्हती. आत नळीमहाराज बायकांच्या पोटातल्या गाठी ओढत होते. कापाकापी नाही, रक्त नाही. पितळेची नळी बेंबीला लावायची, सुर्रकन ओढायचं आणि वाटीत पचकन थुंकायचं. पांढऱ्या, चिकट गाठी हजर! इतकं सोपं असताना जगभरचे सर्जन उगाच हात धूत बसलेत.

आता नंबर सुनिताचा होता. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही, पाळी महिनोन्महिने गायब. दहिवलीच्या डॉक्टर तनयांनी सोनोग्राफी करून पीसीओएसचं, म्हणजे अंडाशयाच्या विकाराचं, निदान केलं, गोळ्या दिल्या आणि पाळी नुकती कुठे येऊ लागली होती. पण महाराजांचा हुकूम आला, "गोळ्या बंद! गाठी परत धरतात." सासू बुधीबाईने लगेच गोळ्या चुलीत घातल्या.

"आता तरी नातवाचं तोंड दाव गं," ती म्हणाली, "नायतर दत्ताला दुसरी बगावी लागंल."

नवरा दत्ता मान खाली घालून उभा. सुनिताला त्याचाच जास्त राग आला. पण ती गप्प बसणारी नव्हती. तिने डॉक्टरबाईंना गुपचूप बोलावून घेतलं होतं.

"महाराज, आधी जरा चूळ भरा," गर्दीतून तनया म्हणाल्या.

"वित्ताळ होईल!" महाराज बोबडे बोलले. गाल भलतेच फुगलेले.

"पोट माजं हाय," सुनिता ओरडली. "भरा चूळ!"

कुणीतरी तांब्या पुढे केला. महाराजांनी घाईघाईने गिळायला बघितलं, ठसका लागला आणि बेंबीला नळी न लावताच सगळ्या गाठी वाटीत! तनयांनी वर आयोडीनचे थेंब टाकले. गाठी काळ्यानिळ्या झाल्या.

"हा स्टार्च. शिजवलेला साबुदाणा! पोटात साबुदाणा पिकत नाही, बायांनो."

"मंग सोनोग्राफीच्या फोटूत दिसतात त्या गाठी?" बुधीबाईने विचारलं.

"त्या गाठी नाहीतच, मावशी. बीज वाढवणाऱ्या इवल्या पिशव्या आहेत. शरीरात इन्सुलिन आणि पुरुषी हार्मोन वाढले, की त्यांची वाढ अर्ध्यावर अडते. बीज पिकत नाही, बाहेर पडत नाही. त्या ओढून काढायच्या नसतात, त्यांची वाढ पुरी होऊ द्यायची असते. औषध, खाणं, चालणं सांभाळलं की बऱ्याच जणींना मूल होतं."

महाराज मागच्या दाराने पसार व्हायला निघाले, पण बायकांनी दार अडवलं.

सुनिता पदर खोचून उभी राहिली. "बायांनो, कुणाच्याबी पाया पडायच्या आधी त्याला तोंड उघडायला लावा." मग दत्ताकडे वळली. "आन् तुमी चला दवाखान्यात. तुमची तपासणी अजून झालीच नाय."