राखीनं सही केली नाही

लग्नाच्या आठ वर्षांत, मूल होत नाही म्हणून, राखीच्या पोटावर दोनदा दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. गोळ्या, इंजेक्शनं, उपास, सगळं तिच्याच वाट्याला. कामरगावात सासू मनकर्णाबाई तिला कोणाच्या बारशाला नेत नसे. नवरा हरीओम म्हणायचा, "माही तपासनी झाली, माह्यात काही नाही."

त्या दिवशी तिघं अकोल्याच्या दवाखान्यात बसले होते. डॉक्टरीणबाईंनी फाईल उलटली.

"यांचे शुक्राणू कमी आहेत, नीट पोहणारे त्याहून कमी. बऱ्याच शुक्राणूंचा डीएनएही तुटलेला आहे. चार वर्षांपूर्वी हे एकटेच आले होते, आमच्याकडच्या त्या रिपोर्टातही हेच होतं. म्हणून आपण निवडून घेऊ. बारीक वाटा असलेल्या एका चकतीतून जे स्वतः पोहून पलीकडे जातात, ते सहसा धड असतात. त्यातला एकेक स्त्रीबीजात सोडायचा."

मनकर्णाबाईला एवढंच ऐकू आलं, निवडून. "निवडूनच राह्यले त पोराचाच निवडा, बाई."

"तसं इथं होत नाही. तो गुन्हा आहे."

"आन दोष त हिच्यात हाये! माह्या लेकाचं कायले निवडता?"

हरीओम फरशीकडे पाहत राहिला. राखीचं डोकं तापलं. तिचं दुसरं ऑपरेशन मागच्याच वर्षीचं. वाशिमच्या दवाखान्यात खाटेशेजारी बसून यानंच तिचा हात धरला होता.

"तुमाले मालूम होतं," ती म्हणाली. "माह्यं पोट चिरलं तवा तुमाले मालूम होतं."

"घरी बोलू, राखी."

"घरी नाही. इथंच सांगा आईले, दोष कोनात हाये."

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं!"

"माह्यात हाये, आई."

मनकर्णाबाईचा चेहरा पडला. मग ती सुनेकडे सरकली. "झालं ते झालं. पन गावात सांगू नोको, पोरी. त्याची इज्जत जाईन."

"आन माही?" राखी एवढ्यानं ओरडली की बाहेरची माणसं दारात आली. "मले वांझ म्हनत होत्या तवा माही इज्जत नोती?"

नर्सनं संमतीचा कागद पुढे केला. राखीनं तो टेबलावर आपटला आणि एकटीच बस धरून माहेरी, आसेगावला गेली.

तिसऱ्या आठवड्यात हरीओम आला. तिचे वडील शालिग्राम आणि भाऊ, सगळ्यांसमोर त्यानं रिपोर्ट लपवल्याचं सांगितलं. राखीनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. दोन महिन्यांनी ती परतली, पण सासूपासून चूल वेगळी मांडून. सही तिनं त्यानंतर केली.

पहिल्या खेपेला गर्भ राहिला नाही. शेजारची हेमलाकाकू ओट्यावर हळहळली, "इच्या नशिबातच नाही, बाप्पा."

हरीओम घरातून बाहेर आला. "तिच्यात काही नाही, काकू. माह्यात हाये."

राखी आत भांडी घासत होती. तिनं ऐकलं. राग निवला नव्हता, हात जोरानंच चालत होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन लावून पुढची तारीख तिनंच ठरवली, त्याला न विचारता.