रुद्राणीचा दोरा

मला कॉम्प्युटरची एकच भाषा येत होती, फोर्ट्रान. आणि अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये आमचे प्राचार्य वीरभद्रप्पा मला म्हणतात, "सर, ती आता जुनी झाली की. या खेपेला पोरांचे प्रोग्रॅम चालले तर ठीक, नाहीतर पेपर बंद."

सोलापुरात तेव्हा आमच्यासाठी कॉम्प्युटर कुठला? प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीचं एक कार्ड, त्यावर भोकं पाडायची आणि गठ्ठे एसटीनं पुण्याच्या मशीनवर न्यायचे. क्रम बिघडला की सगळी मेहनत पाण्यात. कार्डाच्या कडेला क्रमांक टाकायची सोय असते, म्हणजे सांडली तरी पुन्हा लावता येतात, पण मीच पोरांना म्हणालो होतो, कशाला वेळ घालवता.

पुण्याला निघताना पाहतो तर वर्गातल्या रुद्राणीनं तिची सगळी कार्डं दोऱ्यात गुंफलेली. तिचे वडील, अप्पा, चादरीच्या मागावर कामाला; नक्षीसाठी भोकं पाडलेली तिथली कार्डंही अशीच दोऱ्यानं साखळीत ओवतात.

"अगं, मशीनला हार घालायचाय का?" मी खेकसलो.

"अप्पा म्हणाले, न ओवलेली कार्डं घराबाहेर न्यायची न्हाईत."

सोडवायला वेळ नव्हता. गाडी सुटत होती.

पुण्याच्या स्टँडवर उतरताना खोक्याचा तळ फाटला. बाकीच्या आठ पोरांची कार्डं चिखलावर पसरली, एकमेकांत मिसळली. रुद्राणीचा गठ्ठा एका दोऱ्याला लोंबत राहिला. मशीनवाल्यानं हसत दोरा कापला आणि तिचा तेवढा प्रोग्रॅम चालला. कागदावर फुल्याफुल्यांचा चादरीवरचा मोर उमटला. मला रडूच यायचं बाकी होतं.

प्राचार्यांनी मोर टेबलावर पसरला. "आणि बाकीचे आठ?"

खोक्यावर ढकलावं असं क्षणभर वाटलं. मग क्रमांकांचं खरं ते सांगून टाकलं.

"म्हणजे काढायचंच तर भाषेला न्हाय, तुमाला काढायला पायजे," ते म्हणाले आणि पोट धरून हसले. पेपर राहिला. एका अटीवर.

पुढच्या सोमवारी पहिला तास रुद्राणीच्या अप्पांनी घेतला. मी पहिल्या बाकावर, हातात दोरा.

"सर," अप्पा मी ओवलेल्या कार्डांवर वाकून म्हणाले, "उसवा. पुन्हा पहिल्यापासून."

मी निमूटपणे उसवलं.