माझ्या खिशातला मास्क

मी मालोजीचा कामावरचा शर्ट. खाकी होतो, आता रंग विचारू नका. आनेकलच्या अलीकडे ग्रॅनाइट कापायचा कारखाना आहे, तिथली धूळ बसून बसून मी करडा झालोय. आज मी बोलणार, कारण गप्प राहून राहून माझं डोकं उठलंय. शर्टाला डोकं नसतं म्हणाल, तर ज्यांना आहे त्यांनी काय दिवे लावले ते ऐका.

माझं कापड मालोजीच्या बायकोनं, भव्यानं, आनेकलच्या बाजारात निवडलं. तिनं टेलरला बजावून सांगितलं होतं, खिसा मोठा शिव, कारखान्यातून यांना मास्क मिळणार आहे. बिचारीला वाटलं, जाता-येताना ठेवतील. मालोजीनं तो ठेवला तो ठेवलाच.

त्याचं काम फरशीच्या कडा घासायचं. हातातलं मशीन सुरू झालं की असा धुरळा उठतो की शेजारचा माणूस दिसत नाही. पाण्याची नळी तिथंच भिंतीला टांगलेली. पाणी सोडलं तर धूळ खाली बसते. पण पाणी सोडलं की आखलेली रेघ पुसते, शॉकची भीती वाटते आणि काम हळू होतं, म्हणून सगळं सुकंच. नाकाला बांधायचा काय, तर रुमाल. आणि सुपरवायझर कृष्णमूर्तीअण्णा गेटकडून ओरडला, "साहेब बंद्रु," म्हणजे साहेब आले, की सगळ्यांच्या खिशातून मास्क बाहेर. साहेबाची गाडी वळली की परत आत. एवढ्या धुळीत कुणी स्वच्छ हवा खाल्ली असेल तर माझ्या खिशानं.

सुट्टी झाली की गूळ. प्रत्येकाच्या हातावर एक खडा. गुळानं घशातली धूळ खाली उतरते म्हणे. मालोजी तो इतक्या श्रद्धेनं खायचा की देवळातला प्रसादही कुणी तसा खाणार नाही.

मी त्याच्या छातीवर असतो, त्यामुळे मला सगळं कळतं. आधी तो हसला की माझी बटणं ताणायची. मग मी ढगळ होत गेलो. मग तो जिना चढताना खोकत मधेच थांबायला लागला. भव्यानं विचारलं की म्हणायचा, चप्पल सरकली. रोज कशी सरकते हो एखाद्याची चप्पल?

माझं जाऊ द्या. खरी कटकट घरी व्हायची.

मालोजीची मुलगी केतकी दोन वर्षांची. संध्याकाळी बापाला बघितलं की त्याला सोडायची नाही, आणि त्याला तर आंघोळ करायची, जेवायचं. तेव्हा मालोजीच्या आईनं, अंबुबाईअक्कानं, युक्ती सांगितली. बापाच्या अंगातलं कापड झोळीत ठेवलं की पोर रडत नाही. झालं. भव्या मला दारात उभी राहून झटकायची. उन्हात धूळ चमकायची आणि केतकी टाळ्या वाजवत तिच्यातून पळायची. मग माझी घडी घालून झोळीत. पोर माझ्या कॉलरमध्ये नाक खुपसून झोपायची.

झटकल्यानं जाडी धूळ पडते. मैद्यासारखी बारीक असते ती माझ्या विणीतच राहते. मी हे कसं सांगणार होतो? मला बाह्या आहेत, हात नाहीत.

पोर खोकायला लागली. आधी केळं बंद झालं, मग दही, मग पंखा. शेजारणीची उदबत्ती बंद करून झाली. अक्कानं मीठ-मिरच्या ओवाळल्या. भव्या काळजीनं अर्धी झाली, डोळे खोल गेले तिचे. आणि पोरीनं खोकून डोळे उघडले की मलाच तिच्या आणखी जवळ सरकवायची.

शेवटी सगळे डॉक्टरबाईंकडे गेले. मालोजी कामावरून तसाच आला, म्हणजे मीही आलो. केतकी त्याच्या खांद्यावर झोपलेली. बाईंनी तिला उचलून घेतलं, तर गालावर करडा डाग. कापसानं पुसला, कापूस बघितला, मग माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे नीट बघितलं.

काम काय करता, मास्क देतात का, असं त्यांनी विचारलं. "देतात की," म्हणून मालोजीनं खिशातून मास्क काढून टेबलावर ठेवला. पांढराशुभ्र. घडी जशीच्या तशी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर हा शहाणा सांगतो, मी रोज गूळ खातो, सगळी धूळ खाली उतरते.

बाई म्हणाल्या, गूळ पोटात जातो आणि धूळ फुप्फुसात, दोघांची वाट वेगळी.

भव्या पुढे झाली. तिनं तो कापूस उचलला आणि नवऱ्यापुढे धरला. "खाली उतरते म्हणत होता ना? बघा, कुठं उतरलीय ती."

मालोजीची छाती माझ्याखाली थांबली. खोकल्यानं नाही.

बाईंनी त्याचाही एक्स-रे काढायला लावला. त्याच्या फुप्फुसात दगडाची धूळ बसलीय. ती आता निघत नाही, नवी जाऊ द्यायची नाही एवढंच हातात आहे. मला झोळीतून काढल्यावर केतकीचा खोकला कमी झाला. तिच्या बापाचा नाही झाला.

कृष्णमूर्तीअण्णानं त्याला पॅकिंगला घातलंय. त्याचं मशीन आता बसवंत चालवतो. सुकंच. मास्क खिशात, गूळ तोंडात. मालोजी त्याला रोज सांगतो आणि बसवंत म्हणतो, "आम्हाला काय होत नाय अण्णा, तुम्ही स्वल्प नाजूक." ऐकून माझ्या शिवणी उसवायची वेळ येते.

मला आता घरी नेत नाहीत. मी इथंच कारखान्यात खिळ्यावर असतो, इथल्याच बादलीत भिजतो. मालोजी हातपाय धुऊन, कपडे बदलून घरी जातो. पहिले काही दिवस केतकी मला शोधत होती म्हणे. शोधू दे. कुणाच्या घरात माझ्यासारखा शर्ट येत असेल तर तो पोरांपासून लांब ठेवा, झटकू नका, ओला करूनच धुवा. एवढं तरी ऐका.

मला कायमचं इकडे धाडायच्या आधी भव्या सुई-दोरा घेऊन बसली. जो खिसा तिनं मोठा शिवून घेतला होता, त्याचं तोंड तिनं शिवून टाकलं. जाड दोरा, आडवेतिडवे टाके. दिसायला मी फार वाईट दिसतो. पण मास्क ठेवायला आता मालोजीकडे एकच जागा उरलीय.