दारावरचा वाघ

"हे कुणाला खरं वाटायचं नाही," आखिम म्हणाला, "पण आज पहाटेच्या भरतीला हाऊ वर आले होते. जोडीनं! मादी म्हणजे आमच्या हिच्या कढईएवढी. आणि पाठीवर नवरोबा स्वार!"

हाऊ म्हणजे घोड्याच्या नालेसारख्या कवचाचा, लांब शेपटीचा समुद्री खेकडा. बंदर कचेरीचे तुंगसाहेब बुटातली वाळू झटकत होते. "मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात, हाऊनं सुरुंग पळवला."

"पळवलाच होता. लष्करानं आपल्या किनमेन बेटाचा हा सगळा किनारा सुरुंगांनी पेरला होता ना, तेव्हा माणूस इथं पाय ठेवत नव्हता आणि हाऊ मात्र वरातीसारखे यायचे. एकाच्या शेपटीत तार अडकली. गेला तसाच ओढत. पलीकडं चीनच्या किनाऱ्यावर धुडुम! तिकडचे म्हणाले, किनमेननं हल्ला केला."

यीरूला नको असताना हसू आलं. ती मत्स्यकेंद्रातली. दर उन्हाळ्यात नखाएवढी हाऊची पिल्लं ती याच चिखलात सोडायची. ती मोठी होऊन परतायला तेरा-चौदा वर्षं लागतात, आणि परतल्यावर अंडी घालायला वाळू लागते. नवा धक्का बांधल्यापासून वाळूवर गाळ बसत गेला. उरली ती एवढीच पट्टी, आठ-दहा होड्या ओढून ठेवता येतील एवढी. या हंगामात इथं एकही जोडी दिसली नाही तर पट्टी धक्क्यात जाणार होती. हंगामातली शेवटची मोठी भरती आज पहाटेच येऊन गेली होती.

"आजोबा, हाऊ संपले. मान्य करा," तुंगसाहेब म्हणाले.

"तुमच्या घरी रांजणातून पाणी कशानं काढता?"

"कशानं म्हणजे? हाऊ-पळीनं."

"पळी कसली?"

"प्लास्टिकची."

"बघा! हाऊच्या कवचाची पळी प्लास्टिकची झाली तरी तुमच्या तोंडातनं हाऊ जात नाही. मग समुद्रातनं बरा जाईल!"

बोलायला आखिमला कुणी हरवलं नव्हतं. पण हाऊ आता पळीच्या नावात उरला होता, नाहीतर दारांवर. जुन्या कवचावर तांबड्या रंगानं वाघाचं तोंड काढायचं आणि भुतंखेतं घरात येऊ नयेत म्हणून चौकटीवर टांगायचं. आखिमच्या दारावर असा वाघ त्याच्या बापाच्या हातचा होता.

कालवांच्या दगडांवरचं काम उरकून दर मोठ्या भरतीला तो इथं येऊन बसे. दिसायच्या त्या बाटल्या आणि थर्माकोल. गेल्या उन्हाळ्यात मात्र फाटक्या जाळ्यात एक नर सापडला होता. एकटाच. एकटा हाऊ धरणाऱ्याची म्हातारपणापर्यंत दशा होते, असं गावात म्हणतात. "मी म्हातारा झालोच आहे, आता आणखी काय दशा व्हायची?" असं म्हणत आखिमनं त्याला सोडवला आणि पाण्यात ठेवला. तो वळून परत आला. पुन्हा ठेवला, पुन्हा आला, आणि मादीची पाठ धरायच्या आकड्यांनी त्यानं आखिमच्या रबरी बुटाची टाच धरली. सोडेचना. "बुटाला बायको समजला लेकाचा!" हा किस्सा त्यानं दुकानात रंगवून सांगितला, लोक पोट धरून हसले. आकडे सोडवायला किती वेळ लागला, ते त्यानं सांगितलं नाही. त्यानंतर हाऊ दिसला नाही.

"हा बघा माग," आखिम म्हणाला.

वाळूवर भाकरीएवढ्या रुंदीची घसट पाण्याकडे गेली होती आणि मधोमध शेपटीची सरळ रेघ. तुंगसाहेब चालायचे थांबले. यीरू धावत आली, गुडघ्यांवर बसली. तिचा श्वास वर गेला होता. तिनं घसटीच्या कडेवरून अलगद बोट फिरवलं आणि बोट डोळ्यांजवळ आणलं.

बोटाच्या टोकाला तांबडी टिकली लागली होती.

तिनं आखिमकडे पाहिलं. तो समुद्राकडे बघत राहिला, आणि तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

"काय हो बाई?" तुंगसाहेबांनी विचारलं. "हाऊच ना?"

यीरूनं मूठ मिटली.

"हो," ती म्हणाली. "जोडीच."

तुंगसाहेबांनी फोटो काढला. मग मान हलवत, जरा हसून ते म्हणाले, "च्यायला, म्हातारा एकदा तरी खरं बोलला म्हणायचा! बरं. कळवतो वर."

आखिमचे खांदे खाली आले. तेवढ्यात बांधावर त्याची बायको ग्योकलान दिसली. काखेत कालवांची टोपली, आणि आवाज असा की पलीकडच्या किनाऱ्यावरही ऐकू जावा.

"ए म्हाताऱ्या माकडा! दारावरचा वाघ काढून वाळूत कशाला घासलास रे? मिशांचा सगळा रंग गेलाय त्याच्या!"